बोगद्याची वसुली

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फारच तरुण होते. निवृत्तीला काही महिने उरलेले, केसांना ताजी मेंदी, आणि आपल्यावाचून पाण्याच्या सरकारी खात्यातलं पान हलत नाही असा पक्का समज. पान रोज हलायचं. फक्त मला विचारून हलत नसे, आणि सोलापूरच्या आमच्या कार्यालयात हे चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. आता नातवंडं माझ्या चालण्याची नक्कल करतात, करू देत. पण त्या बाईला हसण्याचा पहिला मान माझा आहे.

तर त्या बाईच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात तिच्या वाट्याला एक बोगदा आला. आमच्या जिल्ह्यातल्या एका टेकडीच्या पोटातून कालव्याचं पाणी जातं. कुठल्या टेकडीच्या, ते सांगणार नाही. मी निवृत्त झाले, बोगदा अजून सेवेत आहे, उगाच त्याची चौकशी लागायची. मोहोळच्या पुढे बराच वेळ जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली की तो येतो, एवढं पुरे.

भूकंपात बोगद्याचं काय होतं, हे विचारलं की शहाणी माणसंसुद्धा दोन्ही हात डोक्यावर आपटून दाखवतात, म्हणजे सगळं अंगावर कोसळतं. तसं होत नाही. जमीन हलते तेव्हा जमिनीवरचं घर झुलतं, पाण्याची टाकी झुलते. बोगदा मुळात जमिनीच्या आत. भोवतीचा खडक जिकडे सरकेल तिकडे तोही निमूट सरकतो, सासरी मुरलेल्या सुनेसारखा. म्हणून त्याचं पोट सहसा शाबूत राहतं. पडतं ते तोंड. जिथं तो टेकडीतून बाहेर येतो, डोक्यावर खडकाच्या जागी मुरूम असतो, तिथं. पोट धड आणि तोंडानं घात, हा नियम मी माणसांतही पाहिलाय. लांब जायला नको, घरात आरसा आहे.

किल्लारीकडे भूकंप झाला तेव्हा मी याच बोगद्यात पहिल्यांदा शिरले होते. तिशीतली होते, कडक इस्त्रीच्या सुती साडीत, अंबाड्यावर हेल्मेट तरंगत असलेली. अस्तर म्हणजे बोगद्याला आतून दिलेला काँक्रीटचा थर. त्यावर कुठं तडा दिसला की त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. तडा वाढत असेल तर काच फुटते, साधी युक्ती. मी पट्ट्या चिकटवल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर एक फुटलेली. मी धावत बाहेर येऊन जाहीर केलं की खडक अजून सरकतोय. साहेब जेवण टाकून आले, त्यांचे साहेब गाडी काढून आले. मग कुणीतरी काचेच्या तुकड्यांतून माझ्या पदराची पिन उचलली. वळताना माझाच खांदा पट्टीला लागला होता. खडक जागच्या जागी होता. तरी पुढची पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आले की भूकंपानंतर बोगद्यात शिरणारी पहिली बाई मी. कशी शिरले ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता अठ्ठावन्न वर्षांच्या बाईकडे येऊ. एके दिवशी तिच्या टेबलापुढे बोगद्याच्या तोंडाखालच्या गावची सरपंच येऊन उभी राहिली. धनगराची सून, आवाज असा की पलीकडच्या खोलीतला टंकलेखक थांबला. तिनं पिशवी उलटी करून माझ्या काचेच्या टेबलावर मुरूम ओतला. माझा नव्यानं आणलेला फुलांचा रुमाल त्याखाली गेला.

"हे वरनं पडतंय," ती म्हणाली. "भुकंप न्हाय, काय न्हाय. नुसती शेरडं चालली तरी पडतंय. उद्या खरंच जमीन हालली आन् तोंड बसलं, तर आमी काय चाटावं?"

तिच्या गावाचं पिण्याचं पाणी त्याच बोगद्यातून तळ्यात यायचं. विहीर होती, पण तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बोगद्याचं तोंड बंद झालं की गाव तहानलं, एवढा सरळ हिशेब. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि तांत्रिक बाबी तुमच्या लक्षात येणार नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी मधाळ बोलले. तिनं मुरूम पुन्हा पिशवीत भरला. नंतर तिनं वरच्या साहेबांना गाठलं, त्यांच्या टेबलावरही मुरूम ओतला, आणि तपासणी मंजूर झाली. आमच्याकडे कागदापेक्षा मुरूम लवकर वाचतात.

पुण्याहून एक सल्लागार नेमला गेला. वय माझ्या मुलाएवढं, हातात टॅब, बोलणं मृदू. त्याच्या कामाचे दोन भाग होते. बोगदा किती हादरा सोसेल, हा पहिला. सोसला नाही तर किती दिवसांत पुन्हा पाणी वाहतं करता येईल, हा दुसरा. कालव्यात पाणी सोडायच्या वर्षातल्या शेवटच्या दोन पाळ्यांच्या मध्ये बोगदा थोडे दिवस कोरडा असतो, तेवढ्यात सगळं उरकायचं. हुकलं तर पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी मी घरी असणार आणि ते प्रकरण कपाटात. सरपंचबाईंना हे पक्कं माहीत होतं. त्या दर दोन दिवसांनी फोन करायच्या.

गावाला आगाऊ कळवायचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं, मी ओढून घेतलं. सल्लागारानं विषय इंग्रजीत पाठवला होता आणि कार्यालयात शुद्ध मराठीचा मक्ता माझा. मराठी पंधरवड्यात निबंधाला बक्षीस मिळालेलं. कुणी 'अर्जंट' म्हटलं की मी 'तातडीचं' अशी दुरुस्ती करायची, मग तो माणूस अर्ध्या वाक्यात थांबून निघून जायचा आणि मला वाटायचं, शिकला. तर मी विषय मराठीत आणायला बसले. हादरा सोसण्याला 'सहनक्षमता' लिहिलं. आता राहिली रिकव्हरी. सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेल्या बाईला रिकव्हरी म्हटल्यावर एकच शब्द सुचतो. क्षणभरसुद्धा न थांबता तिनं लिहिलं, वसुली.

सूचना अशी झाली की भूकंपानंतरच्या वसुलीची पाहणी करण्याकरिता पथक गावी येत असून ग्रामस्थांनी सहकार्य करावे. साहेबांनी न वाचता सही केली आणि भाषा छान आहे म्हणाले. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लागली, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना ती शेजाऱ्यानं समजावून सांगितली, म्हणजे आणखी बिघडवून.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सल्लागार, मी, आणि खात्याचा जुना ड्रायव्हर, जो माझ्याशी मराठीत आणि जीपशी दख्खनीत बोलायचा. गावात शिरताना त्यानंच वेग कमी केला.

"मॅडम, गाँव कू क्या हुआ? एक बी घर पो छत नै."

खरंच नव्हतं. भिंती होत्या, दारं होती, अंगणात तुळस होती, आणि वर आभाळ. चुलीचा धूर सरळ वर जात होता, त्याला अडवायला काही उरलं नव्हतं. एका घरात बाई उघड्यावर भाकरी थापत होती. जीप बघून तिनं तवासुद्धा उचलून आत नेला. सल्लागार म्हणाला, वादळ झालं का? मी म्हणाले, इथले पत्रे फार जुने आहेत, बदलायला काढले असतील. म्हणजे बघा, सबंध गावानं एकाच दिवशी पत्रे बदलायला काढले, असं माझं अनुभवी मत.

ड्रायव्हर पुढं पान खायला उतरला आणि परत आला तो हसू दाबत, सगळी हकीगत घेऊन. किल्लारीच्या भूकंपात या भागातल्या माळवदांना, म्हणजे मातीच्या सपाट छपरांनाही, तडे गेले होते. तेव्हा मदत म्हणून पत्रे मिळाले, लोकांनी वरची माती उतरवून पत्रे टाकले आणि विसरून गेले. आता इतक्या वर्षांनी सरकारचा निरोप आला, भूकंपानंतरची वसुली. गावानं काय समजावं? दिलेले पत्रे सरकार परत न्यायला निघालंय, असंच.

"वसुली लिखे ना तुम," ड्रायव्हर मला म्हणाला. "वसुली बोले तो लोगां रुकते क्या?"

मी म्हणाले, शब्दकोशात पाहा, बरोबर आहे. होताच तो बरोबर.

बोगद्याच्या तोंडापर्यंत रस्ता नव्हता. जीप खाली ठेवून आम्ही ओढ्यातून, काट्यांतून वर गेलो. मी पुढे, कारण वाट मला माहीत. दोनदा चुकले. पोचलो तर बोगद्याचं तोंड भरलेलं. आत, जिथं वरून मुरूम गळतो नेमकं तिथं, पत्र्यांच्या चळती कमानीला टेकलेल्या. सबंध बोगद्यात भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याची जागा कुठली, हे शोधायला पुण्याहून माणूस आणला होता, आणि गावानं आपलं सगळ्यात मोलाचं सामान बरोब्बर तिथं नेऊन ठेवलं होतं.

सगळ्यात पुढच्या चळतीवर एक म्हातारी बसली होती. कमरेशी कापडाची पुरचुंडी, कपाळाला भंडारा. बाकीचं गाव टेकडीवर शेरडं चारायच्या निमित्तानं पांगलेलं, आणि राखणीला ही एकटी. मी तिला सांगितलं की आम्ही बोगदा बघायला आलोय. ती म्हणाली, बघा की, कोन न्हाय म्हनतंय. मी म्हणाले, पत्रे काढा. ती म्हणाली, त्ये न्हाय. मग मी ते केलं जे मला सगळ्यात छान जमायचं, भाषण. वसुली या शब्दाचा येथे अभिप्रेत अर्थ पुनर्प्राप्ती असा आहे, असं मी त्या बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाले. आवाज आत घुमून परत आला, मला फार आवडला.

"पुन्ना प्राप्ती?" म्हातारी म्हणाली. "कुनाला?"

सल्लागारानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तेवढ्यात सरपंचबाई खालून धापा टाकत आल्या. पंचायत समितीच्या बैठकीला गेल्या होत्या, गाव उघडं पडल्याचं त्यांना तिथं फोनवर कळलं. आल्या त्या थेट माझ्या अंगावर. दोन वर्षं मुरूम दाखवत फिरले, त्यांनी ऐकवलं, कसंबसं माणूस बोलावलं, आता पाळी सुटायची आली आणि तुमच्या एका शब्दापायी बोगद्यात पाय ठेवता येईना. मी म्हणाले, अहो, शब्द बरोबर आहे. मग त्याचा अर्थ मला समजावून सांगा, असा त्यांनी हट्ट धरला. मी साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, आयुष्यात पहिल्यांदा. बोगदा पडला, तर पुन्हा उभा राहून पाणी द्यायला त्याला किती वेळ लागेल, ते बघायचंय.

"मंग सावरनं म्हना की," त्या म्हणाल्या. "पडला तर सावरंल कदी, यवडंच हाय न्हवं? वसुली कशाला म्हनता?"

सावरणं. मूल चालताना अडखळतं, सावरतं. विधवा बाई वर्षभरानं सावरते. हा शब्द माझ्या आईच्या तोंडात रोज होता. निबंधाचं बक्षीस मिळवलेल्या बाईला तो आठवला नव्हता. तिनं तिथल्या तिथं अगदी खालच्या आवाजात असंही पुटपुटून पाहिलं की कार्यालयीन भाषेत तो बसत नाही. सुदैवानं कुणी ऐकलं नाही.

म्हातारीला शब्दाशी देणंघेणं नव्हतं. शब्द सरकारचे, उद्या बदलतील. ती म्हणाली, म्याडमनं भंडारा उचलावा. आमच्याकडे हातात भंडारा घेऊन बोललेलं कुणी मोडत नाही. मोडलं तर काय होतं ते विचारायचं नसतं. माझ्यातली राजपत्रित अधिकारी म्हणाली, शासकीय कामात असं चालत नाही. माझ्यातली सोलापूरची मुलगी तोवर चपला काढून मोकळी झाली होती. म्हातारीनं पुरचुंडी सोडली, माझ्या ओंजळीत हळद ओतली, आणि मी म्हणाले की तुमच्या पत्र्याला सरकार हात लावणार नाही. तिनं उरलेला भंडारा माझ्या कपाळावर असा थापला की निम्मा डोळ्यात गेला. मग तिनं सल्लागाराकडे पाहिलं. ते पोरगं निमूट पुढं आलं. त्याचं पांढरं हेल्मेट पुढे किती धुतलं तरी पिवळसरच राहिलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

सरपंचबाईंनी टेकडीकडे तोंड करून हाळी घातली, झुडपांमागून एक एक डोकं वर आलं आणि पत्रे निघायला लागले. गाडी वर येत नाही, बैल ओढ्यातून चढत नाहीत. एक पत्रा दोघांनी डोक्यावर घ्यायचा आणि काट्यांतून सावकाश खाली उतरायचं. वारा आला की दोघंही पत्र्यासकट गिरकी घ्यायची. मी मदतीला हात लावला, तर मला बाजूला बसवण्यात आलं. दुपार कलली तरी काम चालूच.

सल्लागार दगडावर बसून हे बघत होता. मग त्यानं टॅब उघडला आणि सरपंचबाईंना विचारलं की समजा हे पत्रे नाहीत, इथं मुरमाचा ढीग आहे, बोगद्याच्या छपरापर्यंत, आणि तो असाच पाट्यांनी उतरवायचाय. किती दिवस लागतील?

बाईंनी खाली जाणाऱ्या माणसांच्या रांगेकडे पाहिलं.  इतके दिवस त्यांना डोक्यावरच्या मुरमाची भीती होती. पडल्यावर तो उपसायला किती दिवस लागतील, याचा हिशेब त्यांनीही केला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हयनं जातील. तवर गाव ऱ्हात न्हाय हितं."

मग आम्ही आत गेलो. हातोडीनं अस्तर ठोकत, बाजारात माठ वाजवून घेतात तसं. पोटात सगळीकडे खणखणीत आवाज. भोवती काळा पाषाण, कुठं ओल नाही, पोट ठणठणीत. तोंडाशी परत आलो आणि हातोडी भद्द वाजली. अस्तरामागं पोकळी होती, वर सैल मुरूम. सल्लागार आवाज ऐकून मान डोलवत होता. मीही डोलवली. मला एका कानानं कमी ऐकू येतं हे तेव्हा मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

अहवालात त्यानं दोन कामं सुचवली. तोंडावरच्या उतारावर लोखंडी जाळी ठोकून वर सिमेंटचा फवारा मारायचा, म्हणजे तोंड टिकेल. आणि ओढ्यावर छोटा पूल बांधून तोंडापर्यंत रस्ता करायचा, म्हणजे ते पडलंच तरी जेसीबी पोचेल. दोन्ही एकदमच करा, असं लिहिलं होतं. मराठी गोषवारा मी केला. त्यात 'सावरणे' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. साहेब म्हणाले, हा काय शब्द? मी म्हणाले, राहू द्या. माझ्या नोकरीतलं हे एकमेव बंड, आणि तेही निवृत्तीच्या उंबरठ्यावर, जेव्हा कुणी काही करू शकत नाही.

निरोप समारंभात मला चादर, नारळ आणि माझ्याच गुणांची अशी यादी मिळाली की मी दोनदा मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का. मी घरी आले. रस्ता वर्षभरात झाला. जाळी झाली नाही. याला तांत्रिक कारण आहे. रस्त्याला फीत बांधता येते, फीत कापायला मोठी माणसं येतात, फोटो निघतो. बोगद्याच्या डोक्यावरच्या जाळीचं उद्घाटन करायला टेकडी चढावी लागते. सरपंचबाई तेवढ्यात माजी झाल्या, पण फोन करायच्या थांबल्या नाहीत. आता त्या मला घरी करायच्या. मी काय करणार? मी जुन्या कार्यालयात फोन करायची, तिथं नवा मुलगा विचारायचा, आजी, कोण बोलतंय?

दोनेक वर्षांपूर्वी एका सकाळी मी वांग्याची भाजी टाकली होती. भांड्यांच्या मांडणीत ताटल्या वाजल्या. आधी वाटलं रस्त्यावरून ट्रक गेला. मग डब्यांची झाकणं नाचायला लागली. भूकंपात लिफ्ट आणि जिना टाळावा, भक्कम टेबलाखाली बसावं, हे मी शाळाशाळांतून शिकवलेलं. मी गॅस तसाच ठेवून, एक चप्पल पायात आणि एक हातात, तीन मजले जिन्यानं धावत खाली गेले. गुडघ्यांचं दुखणं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. खाली सगळी इमारत जमली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला तर यातलं सगळं कळतं ना हो? मी म्हणाले, हो, आणि हातातली चप्पल पायात घातली.

घरं धड होती. पण मला ती दिसत नव्हती. ते तोंड दिसत होतं आणि वरचा सैल मुरूम. फोन लावायचा तर तो वर राहिलेला. शेजारणीच्या फोनवरून कार्यालयात लावला, लागेना. सरपंचबाईंचा नंबर पाठ नव्हता. तिथंच आवारातल्या पिंपळाच्या पारावर बसून राहिले आणि त्या गावच्या हंड्यांचा विचार करत राहिले. लोक एकेक करून वर गेले. मी गेले नाही.

शेवटी, वर जाऊन गॅस बंद करून आलेल्या नातीनं माझा फोन खाली आणून दिला, वाजत असलेला.

"तोंड पडलं," बाई म्हणाल्या. त्या मोठ्यानं बोलत होत्या, मागं यंत्राची घरघर. "पार नव्हं, डाव्या अंगानं. जेसीबी आलाय, मुरूम वडतोय. तळ्यात पानी हाय तवर निगंल म्हनत्यात."

मी विचारलं, आत कुणी होतं का. कुणी नव्हतं. मी विचारलं, पोट? त्या म्हणाल्या, पोटाला काय धाड भरलीय. मग माझ्या तोंडून निघालंच की बघा, अहवालात आम्ही अगदी हेच लिहिलं होतं, तोंड टिकणार नाही पण रस्ता असला तर सावरेल, आणि जाळी केली असती तर एवढंही झालं नसतं, मी तेव्हाच...

"म्याडम," त्यांनी मला थांबवलं. "तुमी घराभायेर हाय का आत?"

"बाहेर. खाली."

"मंग वर जावा आता. हलायचं थांबून लई येळ झाला."